उतारवय आणि टेस्टोस्टेरॉन

भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. तेथील काम पाळ्यांमध्ये अहोरात्र चालते. अशा गावात निवृत्तीला आलेला एखादा कामगार थकव्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेला, तर त्याच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजण्याआधी त्याची पाळी कोणती, हे विचारणे अगत्याचे ठरते. वृषणांत तयार होणारे हे संप्रेरक झोपेत वाढते, पहाटे कमाल पातळी गाठते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. ही वाढ बऱ्याच अंशी झोपेशी निगडित असल्याने रात्रपाळी करून आलेल्याची सकाळ ही त्या अर्थाने सकाळच नव्हे. जेवणानेही पातळी काही काळ घटते. म्हणून निरनिराळ्या दिवशी, पुरेशा झोपेनंतर आणि उपाशीपोटी, दोनदा रक्त तपासल्यावाचून निदान करू नये.

घाईचा मोह जुना आहे. १८८९ मध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व तारुण्य परतल्याचे जाहीर केले. त्या जलीय अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. गुण आला तो विश्वासाचा. खरे टेस्टोस्टेरॉन हाती आले ते १९३५ मध्ये.

वयाबरोबर त्याची पातळी हळूहळू घटते हे खरे, परंतु लठ्ठपणा, मधुमेह व दीर्घ आजार तिला अधिक खाली ओढतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत लक्षणे आणि कमी पातळी या दोन्ही कसोट्या लावल्यावर ४० ते ७९ वयाच्या पुरुषांत हा विकार जेमतेम २.१ टक्के आढळला. थकवा मात्र घरोघरी असतो!

उपचाराचा लाभ कितपत? अमेरिकेत ६५ वर्षांवरील, कमी पातळीच्या ७९० पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा किंवा औषधविरहित लेप देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. कामेच्छा काहीशी वाढली, मनःस्थिती किंचित सुधारली. ज्या उत्साहासाठी बहुतेक जण औषध मागतात, त्यात लक्षणीय फरक पडला नाही. २०२३ मधील पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, तथापि हृदयाची अनियमित स्पंदने आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या. हाडांची घनता या औषधाने वाढते, तरीही अस्थिभंग त्याच गटात जास्त झाले; याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

औषध सुरू केल्यावर प्रोस्टेट ग्रंथीवर लक्ष ठेवावे लागते आणि रक्त वेळोवेळी तपासावे लागते. त्यातील तांबड्या पेशींचा वाटा ५४ टक्क्यांवर गेला, तर औषध थांबवतात.