अन्नपूर्णेच्या फेरीसाठी पुस्तक आणि नकाशा निवडताना

सह्याद्रीत आपण बहुतेक वेळा माहीतगाराच्या मागे चालतो आणि नकाशा सॅकमध्येच राहतो. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिथली तयारीही तशीच, गडावर निघाल्यासारखी होते. पण अन्नपूर्णेची फेरी ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला खिंड ओलांडते. कुठे, किती उंचीवर झोपायचे हा तिथे जिवाचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर घरी बसूनच काढायचे असते. त्यासाठी चांगले पुस्तक आणि चांगला नकाशा हवा.

दुकानात जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: चालायला कुठून सुरुवात, कोणता महिना, हाताशी किती दिवस, आणि खिंड ओलांडल्यावर मुक्तिनाथहून जीपने परतायचे की पुढे घोरेपानीपर्यंत चालायचे. हे ठरले नसेल तर सगळ्या नेपाळवरचे एक जाडजूड पुस्तक गळ्यात पडते. त्यात या फेरीला मोजकीच पाने असतात आणि चालताना ती पुरत नाहीत. फक्त अन्नपूर्णा परिसरावरचेच पुस्तक घ्या.

पुस्तक हातात आले की आधी मुखपृष्ठामागचे पान उघडून आवृत्तीचे वर्ष पाहा. पुनर्मुद्रणाचे वर्ष धरू नका. मजकूर कधी सुधारला ते शोधा. छापील वर्षाच्या आधी निदान एक वर्ष लेखक हिंडलेला असतो, तेही वजा करा. या फेरीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण पूर्वी बेसीसहरहून पायी जायची ती वाट आता मोटाररस्ता झाली आहे आणि जीप थेट मनांगपर्यंत पोचते. पश्चिमेकडून मुक्तिनाथपर्यंतही रस्ता आहे. आपल्याकडचे कितीतरी यात्रेकरू त्याच रस्त्याने तिथल्या १०८ धारांखाली स्नानाला जातात.

मग पुस्तकाची परीक्षा घ्या. रस्त्याची धूळ टाळण्यासाठी आखलेल्या पर्यायी पायवाटांना ‘नॅट’ म्हणतात. मुख्य वाटेवर लाल-पांढऱ्या खुणा असतात, आडवाटांवर निळ्या-पांढऱ्या. पुस्तकात यांचा उल्लेख नसेल तर ते परत ठेवा. नंतर पिसांगचे पान काढा. तिथून दोन वाटा फुटतात. एक खालून, रस्त्याच्या अंगाने हुमडेवरून जाते. दुसरी वरच्या पिसांगहून घ्यारू आणि ङावल गावांवरून. वरची दमवते, पण ३,६०० मीटरच्या वर नेऊन मग ३,५४० मीटरवरच्या मनांगला उतरवते, म्हणून विरळ हवेची सवय व्हायला तीच बरी. पुस्तक नुसत्या दोन वाटा सांगते की वरची का घ्यावी हेही सांगते, यावरून त्याची पारख होते. शेवटी परवान्यांचे पान पाहा. परदेशी ट्रेकरांनी परवानाधारक वाटाड्या सोबत घ्यावा असा नियम नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून जाहीर केला. तो पुस्तकात नसला तर तेवढी माहिती निघण्यापूर्वी वेगळी मिळवा.

जुनी पुस्तके टाकाऊ मात्र नव्हेत. स्टीफन बेझ्रुच्का यांचे नेपाळमधल्या पदभ्रमणाचे पुस्तक पहिल्यांदा १९७२ साली निघाले. लेखक स्वतः डॉक्टर. बसच्या वेळांसाठी असे पुस्तक उघडू नये; पण गावात कसे वागावे, माणसांशी कसे बोलावे, उंचीवरचा आजार कसा ओळखावा, हे त्यातून जरूर वाचावे. तो भाग सहजी शिळा होत नाही.

नकाशालाही हेच लागू पडते. नेपाळच्या सर्वेक्षण खात्याने १९९०च्या दशकात फिनलंडच्या मदतीने देशाचे नवे नकाशे केले. उंच पर्वतीय भागाचे प्रमाण १:५०,००० ठेवले. डोंगराच्या रेषा अजूनही तशाच कामी येतात, रस्ते मात्र नंतरचे. म्हणून काठमांडूच्या ठमेलमध्ये ट्रेकिंगचा नकाशा घेताना त्यावर मनांगपर्यंतचा रस्ता आहे का, नॅटच्या वाटा आहेत का, हे आधी बघा. पूर्ण फेरी एका कागदावर हवी तर १:१,००,०००च्या आसपासचे प्रमाण घ्यावे लागते. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मनांग ते मुक्तिनाथ या टप्प्यासाठी १:५०,०००चा वेगळा नकाशा मिळाला तर पैसे खर्च करा. कंटूर रेषांमधले अंतर सूचीत दिलेले असते. ते १०० मीटर असेल तर मधले कडे आणि घळी कागदावर दिसतच नाहीत. ४० मीटरचा नकाशा पाहा.

आता घरचा अभ्यास, आणि यात घाई नको. नकाशावर थोरोंग फेदी (४,४५० मीटर) ते खिंड या चढातल्या रेषा मोजा. ४० मीटरच्या हिशेबाने साधारण २४ भरतात, म्हणजे एका पहाटेत जवळजवळ हजार मीटर चढ. मग मुक्कामांच्या उंची एकाखाली एक लिहा: चामे सुमारे २,७००, वरचे पिसांग ३,३००, मनांग ३,५४०, याक खर्क ४,०५०, फेदी ४,४५०. आकडे नकाशागणिक थोडे बदलतात, गावांच्या नावांची स्पेलिंगही बदलतात; एकच नकाशा प्रमाण धरा. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे डॉक्टर सांगतात. मनांगनंतरची उडी या मर्यादेच्या जराशी पुढे जाते. म्हणून मनांगला एक रात्र जादा धरा, आणि खराब हवेसाठी आणखी एक दिवस राखून ठेवा. ऑक्टोबर २०१४च्या हिमवादळात या भागात चाळीसहून अधिक माणसे गेली. हवा बिघडली तर थांबता आले पाहिजे, आणि त्यासाठी हाताशी दिवस शिल्लक हवा.

फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखे ॲप घेऊन नेपाळचा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि नेट बंद करून तो चालतो का ते तपासा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा कागदाचा नकाशा प्लॅस्टिकच्या पाकिटात हाताशीच ठेवा.

पुस्तकाची लागणारी पाने झेरॉक्स करून घ्या, जाडी घरी ठेवा. मुक्काम लिहिलेल्या कागदाची एक प्रत घरच्यांकडे द्या. बेसीसहरला वाटाड्यासोबत नकाशा पसरून बसा. कुठे दरड आली आहे, कुठला पूल बंद आहे, कुठला नवा झाला आहे, हे त्याच्याकडून पेन्सिलीने नकाशावर उतरवून घ्या. पुढे समोरून येणाऱ्यांनाही दर मुक्कामी विचारत राहा.