लिहून मागण्यात लाज कसली?

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, आपला कारागीर मेहनतीला कुठेच कमी नाही. रात्रपाळीत मागावर उभा राहणारा हात थकत नाही. पण तोच हात व्यापाऱ्यापुढे कागद सरकवताना आखडतो. ‘शेठ, एवढे लिहून द्या’ हे चार शब्द तोंडातून निघत नाहीत. मजुरीवर विणणे सोडून स्वतःचे कापड विकावे, दूरच्या बाजारात नाव व्हावे, अशी इच्छा आम्हा सर्वांची आहे. परंतु हा संकोच टाकल्याखेरीज ती पुरी होणार नाही.

संकोच आला कुठून? पूर्वी देणारा-घेणारा एकाच पेठेत राहत, एकाच मशिदीत भेटत. शब्द मोडणाऱ्याला पंच जाब विचारत आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी सूत देत नसे. तेव्हा जबान हाच दस्तऐवज होता. आज माल एका शहरात विणला जातो, दुसऱ्या शहरात रंगतो आणि तिसऱ्याच राज्यात विकला जातो. घेणाऱ्याचे तोंडही आपण पाहिलेले नसते. काळ बदलला, सवय मात्र जुनीच राहिली.

दीन काय सांगतो?

कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे आपण समजतो. पण दिव्य कुरआनच्या सूरह बकरामधील आयत 282, जी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, ती मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी ताकीद तिच्यात आहे. त्याआधी आयत 280 मध्ये अडचणीतील कर्जदाराला सवड देण्यास सांगितले आहे. म्हणजे सवड द्यायची ती जरूर द्यावी. पण किती रक्कम व कोणती मुदत, हे आधी ठरलेले असावे. लिहिलेच नसेल तर अडचणीतला कोण आणि टोलवणारा कोण, हे कसे कळणार?

हिशोब पहा

एक लाखाचे भांडवल आहे आणि प्रत्येक फेरीत शेकडा 2 रुपये नफा सुटतो, असे धरा. पैसे 30 दिवसांत परत आले तर वर्षात 12 फेऱ्या, नफा 24,000. तेच 90 दिवसांनी आले तर 4 फेऱ्या, नफा 8,000. माल तोच, मेहनत तीच. फरक पडला तो फक्त तारखेचा.

कायद्याचा आधार

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत देणे बंधनकारक केले. 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यातही तरतूद आली, की ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळेल. त्यासाठी विणकराची ‘उद्यम’ नोंदणी हवी. सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हा लाभ नाही. उशिरासाठी कायदा व्याजही देतो. पण आपल्याला व्याज नको, मुद्दल वेळेवर हवे.

सुरुवात कशी करावी?

आमच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दूतून झाले. मराठी-इंग्रजी अर्ज पाहिला की धडधडते. मुलगा-मुलगी शिकलेली असतील तर त्यांना शेजारी बसवा, पण सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ समजून घ्या. पहिल्यांदा नव्या गिऱ्हाइकाकडेच कागद मागा, जुन्यांकडे नंतर. चिठ्ठीत कापडाची जात, पन्हा, मीटर, भाव आणि पैसे देण्याची तारीख, एवढे पुरे. माल उतरताच चलनावर सही घ्या, बिल त्याच दिवशी पाठवा.

एखादा व्यापारी नाराज होईल, एखादा सौदा हातचा जाईल. महिना-दोन महिने जड जातील. पण सही द्यायला जो तयार नाही, तो पैसे द्यायला तरी कितपत तयार असेल, याचा विचार करा.

1857 नंतर उत्तरेकडून निघालेल्या विणकरांनी मालेगावात नव्याने बस्तान बसवले. पुढे त्यांच्याच वंशजांनी हातमाग सोडून यंत्रमाग धरला. त्यांना घरदार सोडावे लागले, हातचा हुन्नर बदलावा लागला. आपल्याला तर फक्त एक चिठ्ठी मागायची आहे. पुढच्या सौद्यापासून मागू या. अल्लाह बरकत देवो.