अंड्याचं पांढरं: पिऊ नये, शिजवावं

जिमला जाणारी बरीच मुलं सकाळी चार-पाच अंड्यांचं कच्चं पांढरं ग्लासात ओतून एका दमात पितात. त्यांतलीच काही मग केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतात. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. त्याचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू इतके घट्ट धरतो की आतड्यात ते सुटत नाहीत, आणि जीवनसत्त्व तसंच बाहेर पडतं. लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी १९२७ साली उंदरांना कच्चं पांढरं वाळवून खाऊ घातलं, तेव्हा त्यांची कातडी सोलवटली आणि केस झडले. एखाद्या वेळी कच्चं अंडं पोटात गेलं म्हणून असं होत नाही. महिनोन्‌महिने रोज प्यायलं तर मात्र प्रश्न येतो.

साहित्य: चार अंडी, पाणी, गार पाण्याचं भांडं. अंडी शक्यतो आठवडाभर जुनी घ्यावीत. अगदी ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात.

अंडी फ्रिजमध्ये असतील तर अर्धा तास आधी बाहेर काढावीत. अंड्यांच्या वर दोन बोटं येईल इतकं पाणी उकळावं, झाऱ्याने अंडी अलगद सोडावीत आणि आच कमी करून मंद उकळीवर १२ मिनिटं ठेवावीत. महाबळेश्वरला असाल तर दोन-तीन मिनिटं जास्त द्या, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

इथे घाई करू नये. पांढरं ६२-६५ अंशांनाच गोठायला लागतं, पण ॲव्हिडिनची घडी मोडायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे पांढरं नुसतं पांढरं दिसलं, तरी काम झालेलं नसतं. हाफ फ्रायमध्ये बलकाभोवती जो थरथरता भाग राहतो, तो याच कारणाने मला पसंत नाही. हाफ फ्राय हवंच असेल तर झाकण ठेवून पांढरं घट्ट होऊ द्यावं.

शिजलेली अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत. रुंद टोकाला हवेची पोकळी असते, तिथे टिचकवून सोलायला सुरुवात करावी.

नुसतं पांढरंच खायचं असेल तर बुर्जी करावी: कांदा-मिरची परतून पांढरं घालावं आणि सुटलेलं पाणी आटेपर्यंत हलवत राहावं. पण निदान एक पिवळा बलक तरी त्यात जाऊ द्या. अंड्यातलं बहुतेक बायोटिन तिथेच असतं, आणि जिमवाले नेमका तोच फेकतात.

कच्च्यात प्रोटीन जास्त मिळतं, असंही कोणी सांगेल. बेल्जियममध्ये माणसांवर झालेल्या मोजणीत शिजवलेल्या अंड्याचं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्याचं ५१ टक्के. शिवाय साल्मोनेलाची धास्ती वेगळीच.

बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आणखी एक काम करावं. ॲव्हिडिनचं जिवाणूंमधलं भावंड, स्ट्रेप्टॅव्हिडिन, थायरॉइडच्या अनेक रक्तचाचण्यांत वापरतात. रक्तात बायोटिन फार असलं की अहवालातले आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी गोळ्यांचं डॉक्टरांना सांगावं आणि त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्यावं.