मागून बसलेली गाडी: उचलायला किती खर्च येतो?

दिवाळीत भिलाईहून नागपूरला निघालेली मराठी घरातली गाडी लांबूनच ओळखू येते. डिकीत तांदळाची पोती, मागच्या सीटवर तिघं, आणि गाडीचं नाक आभाळाकडे. राजनांदगाव यायच्या आत दोन-तीनदा तरी खालून ‘धप्प’ ऐकू येतं आणि मागे बसलेल्या आजीचा हात कमरेवर जातो. परत आल्यावर गॅरेजमध्ये इलाज बहुतेक एकच सांगतात: स्प्रिंगच्या वेढ्यांत बफर टाका. कधी तो बरोबर असतो, कधी ते पैसे पाण्यात जातात. कोणतं ते कळायला एक टेप आणि दहा मिनिटं पुरतात.

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज आकडा बदलते. दोन्ही बाजू मोजा, मग नेहमीची माणसं आणि सामान चढवून पुन्हा मोजा. शेजारी कुणाकडे त्याच मॉडेलची नवी गाडी असेल तर तिचंही माप घ्या.

माझ्या आठ वर्षांच्या हॅचबॅकचं डावीकडचं माप 37 सेंटिमीटर आलं, उजवीकडचं 35. त्याआधीच एका दुकानात 2200 रुपयांचे बफर बसवून झाले होते. चाक काढून टॉर्च मारला, तर उजव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून बैठकीत पडलेला. तुटलेल्या तोंडावर गंज चढला होता, म्हणजे तुटून बरेच दिवस झाले होते. बफर बसवताना तिथे कुणी नजरही टाकली नव्हती. म्हणून दोन बाजूंत सेंटिमीटरभराहून जास्त फरक दिसला, तर आधी स्प्रिंग बघा आणि मगच पाकीट काढा.

रिकाम्या गाडीच्या दोन्ही बाजू नव्या गाडीपेक्षा सारख्याच खाली असतील तर स्प्रिंग थकली आहे. रिकाम्या गाडीची उंची ठीक आहे आणि ती फक्त भरल्यावर बसते, तर प्रश्न ओझ्याचा आहे. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळतंय म्हणून गाडी खाली बसली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. वजन स्प्रिंग तोलते, शॉकअब्सॉर्बर उसळी आवरतो. गळत असेल तर तो बदलावाच लागेल, पण त्याने उंची परत येणार नाही.

आता पैशांचं. पुढचे आकडे लहान हॅचबॅक आणि सेडानसाठी अंदाजे धरा. मॉडेल आणि दुकानाप्रमाणे ते खाली-वर होतात. मागची कंपनीची स्प्रिंग एका बाजूची 1500 ते 2500 रुपये. नेहमी जोडीनेच बदला, नाहीतर गाडी पुन्हा तिरकी होईल. मजुरी दोन्ही बाजूंची 500 ते 1000. यापेक्षा फार जास्त सांगितली तर कारण विचारा. बहुतेक लहान गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर वेगवेगळे असतात. शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडून मागचा बीम खाली उतरवला की स्प्रिंग हाताने निघते. पुढच्या चाकांसारखं ती दाबून धरायचं अवघड काम इथे सहसा नसतं. व्हील अलाइनमेंट 300 ते 600. अशा बीमवर मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, फिरवायची सोयच नसते, तेव्हा ‘मागचा कॅम्बर’ म्हणून बिलात रक्कम दिसली तर ती काढायला लावा.

वेढ्यांमध्ये बसणारे बफर साधे रबराचे 400 ते 800, चांगल्या युरेथेनचे 1500 ते 3000 जोडी. वर्षातून चार वेळा सामान भरून जाणाऱ्याला ते चालतात. पण रिकाम्या गाडीत मागचे दणके वाढतात, आणि बफरने काही वेढे अडवले की बाकीच्यांवर ताण येतो.

डिकीत सीएनजीची टाकी कायमची असेल तर गोष्ट वेगळी. साठ लिटरची लोखंडी टाकी रिकामीच 50-60 किलोची, म्हणजे एक माणूस रात्रंदिवस डिकीत बसल्यासारखा. तिथे बफरने भागवू नका. त्याच मॉडेलच्या कंपनी-फिटेड सीएनजी गाडीला वेगळी स्प्रिंग येते का, हे चासी नंबर सांगून पार्टच्या दुकानात विचारा.

बोलेरोसारख्या गाडीला मागे पाटे असतात, त्यांना भिलाईत कमानी म्हणतात. बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देण्याचे दोन्ही बाजूंचे 1500 ते 3000 धरा, यू-बोल्ट आणि बुश वेगळे. या कामात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. गॅसच्या ज्योतीने पाटा किंवा स्प्रिंग लाल करून उंची काढणाऱ्याकडून गाडी उचला आणि निघा. रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या भिलाईत वेगळं सांगायला नको: नुसता तापवून सोडला की पोलादाचं पाणी उतरतं. महिन्याभरात पाटा पुन्हा बसेल, नाहीतर तुटेल.

पार्ट घेताना खोक्यावर छापलेली पॅकिंगची तारीख बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांच्या गटातल्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला आहे. जुन्या खोक्यावरची जुनी किंमत कुणी लावत असेल तर नवीन कराप्रमाणे बिल मागा.

हौसेखातर दोन-दोन इंच उचलणारी किट घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद ओढवतो. शिवाय काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब उंचीवर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. उंची बदलली की त्याचाही हिशेब चुकतो.

काम झाल्यावर पुन्हा टेप लावा आणि चारही आकडे बिलाच्या मागे लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर परत मोजा, नवी स्प्रिंग थोडी बसतेच. आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ हेडलाइटची 0 पासून वरची गोल कळ असते, ती बघा. सामान भरलं की ती फिरवून प्रकाश खाली आणायचा असतो. नाक वर झालेल्या गाडीचा झोत रात्री समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो.