कंबरदुखी: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, आणि ऊसतोड टोळ्या गावी परतल्या, की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात घरोघरी कंबरेचं गाऱ्हाणं सुरू होतं. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मग 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. अशा कामाने उसण भरणारच. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. गावी आल्यावर आगाऊ घेतलेली उचल फेडून उरलेले पैसे मग मशीनच्या तपासणीत जातात. यातला बराच खर्च टाळता येतो.

पहिल्या तपासणीला पैसे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून बीडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे तिथे सरकारी दराने शुल्क भरावं लागू शकतं. खासगी हाडांच्या डॉक्टरांची फी साधारण 300 ते 600 रुपये धरा.

कुठेही दाखवा, पण डॉक्टरांनी हात लावून तपासलं पाहिजे, हा आग्रह सोडू नका. टेबलावर उताणं झोपवून, गुडघा न वाकवता, टाच धरून पाय हळूहळू वर उचलतात. 30 ते 70 अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याची शंका येते. मग पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलायला सांगतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालवतात, कुठे बधिर आहे ते बघतात. बहुतेक गाद्या कंबरेच्या शेवटच्या दोन जागी सरकतात, आणि कोणती नस अडकली हे या तपासणीतून बरंचसं कळतं. चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा वाकलं की बरं वाटतं, असं वयस्कर माणूस सांगत असेल, तर मणक्याची नळी अरुंद झाली असण्याची शक्यता असते. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं.

एमआरआयला खासगीत साधारण 4,000 ते 8,000 रुपये पडतात. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही, अशा चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. त्यामुळे न तपासता काढलेल्या फोटोतून भीतीच जास्त हाती लागते. साधी उसण चार-सहा आठवड्यांत बहुतेकांची उतरते. सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, हाही बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतो. या काळात झोपून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. फिजिओथेरपीला खासगीत एका वेळचे 200 ते 400 रुपये घेतात. व्यायाम नीट शिकून घेतले, तर ते घरी करता येतात. महागड्या कंबरपट्ट्यापेक्षा ते शिकण्यात पैसे घाला.

लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. अशा वेळी हिशेब करत बसू नका. ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावाच लागतो. क्षयावरचे सरकारी उपचार मोफत आहेत.

बायकांच्या बाबतीत हे जास्त काळजीने सांगावंसं वाटतं. कंबरदुखी आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. 2019 साली आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढून मणक्याचं दुखणं जात नाही. सोबत अंडाशयंही काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि कंबर आणखी दुखते. कुणी असं ऑपरेशन सुचवलं, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मणक्याचं ऑपरेशन खरंच लागलं, तर खासगीत बिल लाखाच्या घरात जातं. आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार तिथे दाखवा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. मंजूर उपचारात तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं धरलेलं असतं. नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र साधारणपणे त्यात बसत नाही. मंजुरीनंतरही कुणी वरून पैसे मागितले, तर 155388 वर तक्रार नोंदवा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती जपून ठेवा.