राणीच्या बागेतली झाडे आणि त्यांची सावली

राणीची बाग मुंबईत भायखळ्याला आहे. तिचे आताचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. पुष्कळ मुले तिथे वाघ आणि पेंग्विन बघायला जातात, म्हणून तिला नुसते प्राणिसंग्रहालय समजतात. पण तिथे दोनशेहून जास्त जातींची झाडे आहेत. आपल्याकडे कधी न दिसणारी, दूरदूरच्या देशांतली झाडेसुद्धा आहेत. वाघाबद्दल सगळेच लिहितात. मी झाडांबद्दल लिहिणार आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आजीबरोबर मामाकडे गेले होते. मामाला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही बागेत गेलो. ऊन मी म्हणत होते. आपल्या गावात पारा चाळीसच्या वर जातो, पण ऊन कोरडे असते. मुंबईत पारा तेवढा चढत नाही, तरी समुद्राच्या दमट हवेने घाम वाळतच नाही. आजी पदराने वारा घेत म्हणाली, "ह्यापरीस आपलं गाव बरं गं बाई."

बाहेरच्या देशांतली झाडे इथे कशी जगली? मामाने सांगितले ते असे. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्याला उष्ण कटिबंध म्हणतात. वरच्या बाजूला कर्कवृत्त ही त्याची हद्द. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे आपण उष्ण कटिबंधातले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचाही पुष्कळ भाग त्याच पट्ट्यात येतो. म्हणून तिकडच्या झाडांना इथे परके वाटत नाही. ज्या उन्हाला आपण कंटाळतो, तेच त्यांना पाहिजे असते. इंग्लंडमध्ये लंडनजवळ क्यू येथे मोठी बाग आहे. तिथे थंडी फार, म्हणून अशी झाडे काचेच्या घरात ठेवून ऊब द्यावी लागते. इथे ती फुकट मिळते!

मला सर्वांत जास्त आवडले ते गोरखचिंचेचे झाड. ते आफ्रिकेतले. त्याचे खोड म्हणजे खोड नव्हेच, कणगी! आम्ही तिघांनी हात धरले तरी वेढा पुरा झाला नाही. पावसाळ्यात ते खोडात पाणी साठवते आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून टाकते. पाने नसली की पाणी कमी उडते. त्याची पांढरी मोठी फुले रात्री उमलतात आणि त्यांवर वटवाघळे येतात. आम्ही गेलो तेव्हा त्याला कुठे कोवळी पाने फुटू लागली होती. एवढे मोठे झाड, पण खाली सावली म्हणाल तर जाळीसारखी.

कैलासपतीचे झाड दक्षिण अमेरिकेतले. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, सरळ खोडावरच येतात. फुलात मध्ये पिंड आणि वर नागाची फणी असल्यासारखे दिसते. आजीने लगेच हात जोडले. पण त्याची फळे तोफेच्या गोळ्याएवढी असतात आणि जड असतात. खाली पडून फुटली की घाण वास येतो. अशा झाडाखाली खेळायला नको.

वड आजीनेच ओळखला. "ह्याच्यासाठी मुंबईला कशाला यायचं, आपल्या पारावर आहे की," म्हणाली. पण कृष्णवड बघून तीही थांबली. त्याच्या पानाला देठाजवळ आपोआप द्रोण झालेला असतो. कृष्णाने त्यात लोणी लपवले होते अशी गोष्ट सांगतात.

आता मी केलेला प्रयोग. मी चपला काढून उघड्या वाटेवर उभी राहिले. चारपर्यंत आकडे म्हणेस्तोवर पाय भाजले. मग पर्जन्यवृक्षाखाली उभी राहिले. शंभरापर्यंत म्हटले, तरी काही नाही. पर्जन्यवृक्षाची सावली मांडवासारखी पसरते. सायंकाळी तो पाने मिटून घेतो.

सावलीत गार वाटते ते नुसते ऊन अडल्यामुळे नाही. झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ करून बाहेर सोडते. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, ती आजूबाजूची जाते. माठातले पाणी गार होते तसेच हे. म्हणून पत्र्याच्या सावलीपेक्षा झाडाची सावली गार. खोटे वाटत असेल तर उन्हातल्या झाडाच्या पानांच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. दोनेक तासांनी आत पाण्याचे थेंब दिसतात. गावी परत आल्यावर मी आमच्या परसातल्या पेरूला बांधून बघितली.

हे सगळे मी का सांगते, तर आपल्या शाळेपुढचा कडुलिंब मागच्या पावसाळ्यात वादळाने पडला. तिसरीची खोली पत्र्याची आहे. दुपारनंतर ती भट्टीसारखी तापते. मी मागच्या वर्षी त्याच खोलीत बसत होते, चैत्रात पाटीसुद्धा गरम लागायची. आता तिथे नवे झाड लावायचे आहे. ते कोणते, हे पालकांच्या सभेत ठरणार आहे असे गुरुजी म्हणाले. काहीजण गुलमोहर म्हणतात, कारण तो लवकर वाढतो आणि फुले छान येतात. फुले छान येतात हे खरे. पण गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची पाने झडलेली असतात. मग परीक्षेच्या दिवसांत सावली कुठून येणार? त्याच्या फांद्याही वाऱ्याने मोडतात. पर्जन्यवृक्षाला जागा फार लागते, आणि त्याचीही मोठी फांदी मोडून पडते. आपले आवार तेवढे नाही. वड तर भिंतीत मुळ्या घालतो.

मला वाटते करंज लावावा. तो परदेशचा नाही, आपल्या ओढ्याकाठी आहे. पाने झडली तरी थोडेच दिवस, लगेच नवी पालवी येते आणि उन्हाळ्यात गर्द सावली पडते. एकदा मुळे धरली की पाणी कमी पडले तरी तो टिकतो. शेरडे त्याची पाने सहसा खात नाहीत. ही मोठी गोष्ट आहे, कारण आपल्या आवाराला कुंपण नाही.

मुंबईहून आल्यावर मी ओढ्यावरून करंजाच्या शेंगा आणल्या. आतल्या अकरा बिया रात्रभर भिजवून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मातीत लावल्या. सात उगवल्या आहेत. सर्वांत उंच रोप माझ्या वितीएवढे झाले आहे. पिशव्या हापशाजवळच्या भिंतीला ओळीने ठेवल्या आहेत, सभेला येणाऱ्यांनी बघाव्यात. सोमवारपासून पाणी घालायची पाळी चौथीची आहे. हापशाखाली सांडलेलेच पाणी घ्यायचे, पुरते.