वळचण गळते, पण भोक वर असतं

मैत्रिणींनो, मागच्या पावसात आपल्या एका गटाचं दप्तर भिजलं. सचिव ताईंनी ट्रंक पडवीच्या भिंतीला लावून ठेवली होती आणि नेमकी तिथेच वळचण गळत होती. कर्जाचं रजिस्टर पान-पान सुटं करून चुलीशेजारी वाळवावं लागलं. पुढच्या बैठकीत ताईंनी पडवीवर पत्रा घालायला कर्ज मागितलं. ठराव करण्याआधी आम्ही चौघी बघायला गेलो.

एक लक्षात ठेवा. थेंब जिथे पडतो तिथेच कौल फुटलेलं असेल असं नाही. पाणी वाशाच्या अंगाने खाली सरकतं आणि टोकाला येऊन टपकतं. म्हणून पाऊस चालू असतानाच आतून बॅटरी मारून ओघळ वरपर्यंत शोधायचा आणि जिथे सुरू होतो तिथे वाशाला चिंधी बांधायची. उघडीप झाली की सगळं कोरडं दिसतं, मग काय सापडणार!

ताईंकडे दोन गोष्टी निघाल्या. कौलांच्या पन्हळीत आंब्याचा पाला कुजून बसला होता, त्यामुळे पाणी तुंबून सांध्यातून आत येत होतं. आणि शेवटची रीप वाळवीने खाल्ली होती. ही रीप महत्त्वाची. प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकतं, पण शेवटच्या रांगेखाली कौलच नसतं. म्हणून ती रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच लागते. ती खचली की कौल पुढे झुकतं, वरच्या कौलाशी फट पडते आणि वाऱ्याचा पाऊस थेट आत. शेवटचं कौल रिपेच्या पुढे तीन-चार बोटं यायला हवं, नाहीतर पागोळी मागे वळून वाशाची टोकं आणि मातीची भिंत भिजवते.

फटीत सिमेंट भरू नका. ऊन-पावसात कौल हलतं, सिमेंट तडकतं, आणि पुढे एक कौल काढताना शेजारचंही फुटतं. पत्र्याचं घर असेल तर स्क्रू उंचवट्यावर आहेत ना, वायसर झिजलेत का, तेवढं बघा.

ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कुणीही चढायचं नाही. खालच्या दोन-तीन रांगा शिडीवरूनच निघतात. शिडी धरायला खाली एक जण हवीच, आणि विजेची वायर जवळ असेल तर आधी मेन स्विच बंद. वरचं काम सुताराला द्या, पण ते आगोटीला. "मुंबईहून माणसं गणपतीला येतील तेव्हा बघू" म्हणता म्हणता निम्मा पाऊस घरात येतो.

ताईंच्या पडवीला एक नवी रीप, परसात रचून ठेवलेली सात जुनी कौलं आणि सुताराचा अर्धा दिवस लागला. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला. ट्रंक आता माजघरात, पाटावर आहे.